टोपीखालचा चेहरा

सोलापूरच्या मुलांना क्रिकेटचे वेड जुनेच आहे. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविणारे पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली याच गावी झाला, याचा आम्हां मुलांना मोठा अभिमान वाटे.

मी सातवीत असताना पार्क मैदानावर आमच्या शाळेचा दुसऱ्या एका शाळेशी सामना होता. आपल्या संघाचे आम्ही कट्टर चाहते पांढऱ्या टोप्या घालून एका बाजूस बसलो होतो. निळ्या टोप्यांचे त्यांचे चाहते समोर होते. सामना आम्ही हरलो. गर्दी पांगत असता कोणी तरी भिरकावलेला दगड आमच्यातील एका मुलास लागला. "निळ्या टोपीवाल्याने मारला!" असा ओरडा झाला. आम्ही धावलो आणि एका मुलास धरून गुरुजींपुढे उभे केले. "हाच तो!" असे मीही ठासून सांगितले.

तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "गुरुजी, मी तर धावफलकाच्या पाट्या उतरवीत होतो." पंचांनीही तसेच सांगितले. तेव्हा गुरुजींनी मला विचारले, "तू चेहरा पाहिलास, की टोपी?" माझी मान खाली गेली.

असे का व्हावे? २००७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखविली. काही तुमच्याच विद्यापीठातील आहेत, काही दुसऱ्या, असे सांगितले. 'आपले' म्हणून दाखविलेले चेहरे विद्यार्थ्यांना पुढे अधिक चांगले ओळखता आले. वास्तविक सारेच चेहरे त्यांना अपरिचित होते! प्रत्येक प्रयोगात हा फरक दिसतोच असे नाही; तथापि त्याचे एक कारण असे सांगतात, की 'आपला' म्हटला म्हणजे मन त्याचे डोळे, नाक, हनुवटी न्याहाळते; 'परका' म्हटला म्हणजे त्या शब्दापाशीच थांबते. चेहऱ्यातील वेगळेपण मुद्दाम पाहावयास सांगितले, तर अशी चूक कमी होते, असेही काही प्रयोगांत आढळले आहे.

मुलांनो, आपल्या संघावर जरूर प्रेम करा. परंतु कोणाकडे बोट दाखविण्यापूर्वी टोपीखालचा चेहरा नीट पाहा. नाही तर निरपराध मनुष्यास शिक्षा भोगावी लागेल.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या शाळेत जाऊन त्याची क्षमा मागितली. त्याच्या उजव्या भुवईवर एक लहानसा व्रण होता. तो मला आजही आठवतो.