फ्लूच्या साथीची लस : घ्यावी की न घ्यावी?

"फादर, उद्या पुन्हा एखादी साथ आली आणि सरकारने नवी लस आणली, तर ती घ्यावी की नाही?" कोरोनाच्या वर्षांपासून हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांत दोन तट दिसतात. काहींना लस म्हणजे रामबाण उपाय वाटतो, तर काहींना ती विषाची सुई वाटते. दोन्ही पक्षांना माझी विनंती आहे की आधी फ्लूच्या दोन साथींची हकीगत ऐकावी. एक 1976 सालची अमेरिकेतील आणि दुसरी 2009 सालची, जी आपल्या जवळच्या पुण्यापर्यंत येऊन पोहोचली.

तशी शेतकऱ्याला ही गोष्ट अगदीच नवी नाही. गोठ्यात लाळ-खुरकुताची लस टोचली की दोन-चार दिवस म्हैस दूध कमी देते, हे आपल्याला ठाऊक आहे. डेअरीत लिटर कमी भरतात आणि घरात कुरकूर होते. तरीही रोग शेजारच्या गावी आला म्हणजे आपण डॉक्टरची वाट पाहत उभे राहतो, कारण रोगाने होणारे नुकसान त्या दोन-चार दिवसांच्या दुधाहून कितीतरी मोठे असते. म्हणजे लसीचे नुकसान आपण नेहमी रोगाच्या नुकसानीशी ताडून पाहतो. माणसाच्या लसीबाबत मात्र पुष्कळदा आपण तराजूचे एकच पारडे पाहतो.

आता 1976 ची हकीगत. त्या वर्षी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील फोर्ट डिक्स नावाच्या लष्करी छावणीत सैनिक तापाने आजारी पडू लागले. फेब्रुवारीत एक 19 वर्षांचा सैनिक मरण पावला. तपासात डुकरांच्या फ्लूशी नाते सांगणारा विषाणू सापडला, आणि छावणीतील 200 हून अधिक जवानांना त्याची लागण झाल्याचे दिसून आले. शास्त्रज्ञ हादरले, कारण 1918 च्या महासाथीचा विषाणूही याच घराण्यातला असावा असे ते मानीत होते. ती साथ म्हणजे आपल्याकडील जुनी माणसे जिला मानमोडी म्हणत तीच. 1918 च्या जूनमध्ये ती मुंबई बंदरातून देशात शिरली आणि तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले, त्यांतही भर तारुण्यातील माणसे फार. तेव्हा फ्लूची लस नव्हती. 1976 मध्ये ती करता येत होती. म्हणून राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी 24 मार्चला सर्व देशाला लस टोचण्याची योजना जाहीर केली.

1 ऑक्टोबरला टोचणी सुरू झाली आणि दहाच दिवसांत पिट्सबर्ग शहरात तीन वृद्ध माणसे, एकाच केंद्रावर लस घेतल्यावर, मरण पावली. एकच गदारोळ उडाला. कित्येक राज्यांनी लसीकरण थांबवले. चौकशीअंती ते मृत्यू हृदयविकाराचे ठरले, लसीचे नव्हेत. हे कसे? सोपे आहे. हजारो म्हाताऱ्या माणसांना एका आठवड्यात लस दिली, तर त्यांतील काहीजण त्या आठवड्यात लस न देताही गेलेच असते. गावात जनावरांना लस टोचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणाची गाय गाभडली की सारा दोष सुईवर जातो. पण त्या दिवशी लस न टोचलेल्या गावांत किती गायी गाभडल्या, याची मोजणी कोण करतो? त्या मोजणीवाचून काहीच सांगता येत नाही.

परंतु या कथेचा दुसरा भागही तितकाच खरा आहे, आणि लसीच्या कैवाऱ्यांनी तो लपवू नये. नोव्हेंबरपासून लस घेतलेल्या काही लोकांत गिलेन-बारे नावाचा नसांचा विकार दिसू लागला. यात पायांना मुंग्या येतात, शक्ती जाते, दुबळेपणा वर चढत जातो आणि कधी श्वासही अडतो. बहुतेक रोगी काही महिन्यांत सावरतात, पण सगळेच नाहीत. येथे मोजणी झाली, आणि लस न घेतलेल्यांपेक्षा घेतलेल्यांत हा विकार अधिक आढळला. सुमारे एक लाख टोचण्यांमागे एक जादा रोगी, असा तो हिशेब होता. हा आकडा लहान वाटेल. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय होते? काहीच नाही. फोर्ट डिक्सचा तो विषाणू छावणीबाहेर पसरलाच नाही. चार कोटींहून अधिक लोकांना लस दिल्यावर 16 डिसेंबरला मोहीम थांबवण्यात आली. जो रोग आलाच नाही त्याच्यासाठी एका माणसाचे पाय जाणे हेही फार झाले. माझ्या मते फोर्ड यांनी लस तयार करून ठेवली यात चूक नव्हती. लस कोठारात ठेवणे आणि साथ दिसण्यापूर्वीच सर्वांना टोचणे, या दोन निर्णयांची त्यांनी फारकत केली नाही, येथे घोटाळा झाला.

2009 साली नेमके उलटे घडले. मेक्सिको व अमेरिकेत दिसलेला नवा फ्लू, ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हटले, खरोखरच जगभर पसरला. 11 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. 3 ऑगस्टला पुण्यात एका 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला; तो भारतातील पहिला बळी. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या आणि लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. भारतात तयार झालेली लस मात्र 2010 च्या जून-जुलैत आली, तोवर पहिली मोठी लाट ओसरली होती. पहिल्या वर्षभरात या साथीने जगात दीड लाख ते पावणेसहा लाख माणसे मेली असावीत, असा पुढे अंदाज काढला गेला. त्यांतील सुमारे 80 टक्के 65 वर्षांखालची होती. गरोदर स्त्रियांना धोका विशेष होता, हे ध्यानात ठेवावे.

या वेळची लसही निर्दोष ठरली असे नाही. युरोपात वापरलेल्या पँडेमरिक्स नावाच्या लसीनंतर फिनलंड व स्वीडनमध्ये काही मुलांना दिवसा अनावर झोप येण्याचा, नार्कोलेप्सी नावाचा, जन्मभराचा विकार जडला. फिनलंडमध्ये सुमारे 16 हजार लस घेतलेल्या मुलांमागे एक, असे त्याचे प्रमाण निघाले. इतर बनावटीच्या लसींत असे दिसले नाही. गिलेन-बारेचा धोका 2009 च्या लसीत दहा लाखांमागे दोनहून कमी निघाला, आणि खुद्द फ्लू झाल्यावर हा विकार होण्याचा संभव लसीपेक्षा जास्त आहे, हेही कळून आले.

आता आपणच हिशेब मांडून पाहू. समजा एक लाख वस्तीच्या मुलखात साथ आली, शंभरांत वीस जणांना रोग झाला आणि दहा हजार रोग्यांत दोन दगावले. म्हणजे वीस हजार आजारी आणि चार मृत्यू. सर्वांना लस दिली आणि तिने निम्मे जरी वाचवले, तर दहा हजार आजारपणे व दोन मृत्यू टळले. लसीचे पारडे 1976 इतके जड धरले तरी एकाला नसांचा विकार. आता हाच हिशेब केवळ गरोदर स्त्रियांचा, दम्याच्या किंवा मधुमेहाच्या रोग्यांचा करा. रोगाचे पारडे आणखी खाली जाईल. निरोगी मुलाचा करा. फरक कमी होईल, आणि तेथे लस कोणत्या बनावटीची हे विचारणे आईबापांचा हक्कच आहे. साथ नसताना करा. 1976 सारखे उत्तर येईल. म्हणून "लस चांगली की वाईट" या प्रश्नाला उत्तर नाही. कोणती लस, कोणाला, कोणत्या महिन्यात, असे विचारले तर आहे.

संत थॉमस अक्वायनस विवेकाला इतर नैतिक सद्गुणांचा वाटाड्या मानतात. देवावर भरवसा ठेवून हातपाय न हलवणे म्हणजे श्रद्धा नव्हे. सिराखच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वैद्य व औषध यांचा मान राखण्याविषयीच आहे. पण विवेकाबरोबर न्यायही आला. सर्वांच्या भल्यासाठी लस घेतली आणि ज्याच्या वाट्याला तो लाखांतला एक विकार आला, त्याला समाजाने वाऱ्यावर सोडता कामा नये. फिनलंड व स्वीडनने त्या मुलांना भरपाई दिली. अशी हमी आधीच मिळाली तर लोक लसीला कमी भितील, असे मला वाटते.

2009 चा तो विषाणू अजून आपल्यात आहे. 2015 साली भारतात त्याचे 42 हजारांवर रुग्ण झाले व सुमारे तीन हजार दगावले. दरवर्षीच्या फ्लूच्या लसीत त्याचाही अंश असतो. घरात गरोदर सून, दमेकरी किंवा साठीपुढची माणसे असतील तर पावसाळ्याआधी डॉक्टरांना तिच्याविषयी विचारावे. गरोदर बाईने टोचायची लस घ्यावी, नाकात मारायची जिवंत विषाणूंची नव्हे. पूर्वी गिलेन-बारे झाला असेल किंवा फ्लूच्या लसीने अंगावर जोराची रिअॅक्शन आली असेल, तर सुई घेण्यापूर्वी सांगावे. अंगात ताप असल्यास लस पुढे ढकलावी. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच बसावे, ऊस तोडायला लगेच पळू नये. पुढच्या सहा आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन बळ जाऊ लागले तर संधिवात समजून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा आणि लस घेतल्याची तारीख सांगा.

डुकरे पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डुकराचे मांस नीट शिजवून खाल्ल्याने स्वाइन फ्लू होत नाही. तेव्हा सणाच्या जेवणाची चिंता नको. परंतु डुकराच्या अंगात माणसाचा आणि पक्ष्याचा फ्लू एकत्र येऊन नवा विषाणू घडू शकतो. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता, म्हणजे हा धोका फार दूरचा नाही. डुकरांचा खुराडा कोंबड्या-बदकांपासून वेगळा असावा, आणि घरात ज्याला ताप-खोकला आहे त्याने बरा होईपर्यंत डुकरांना खाणे घालू नये. ते काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे.