एकाच घावाचा हिशेब : वजन पाडून करायच्या चाचणीतील पुनराघात

ऐरणीवर हातोडा पडू दिला तर तो एकदा आदळून गप्प बसत नाही. पहिला मोठा ठोका होतो, हातोडा उसळतो आणि आणखी दोन-तीन लहान ठोके देऊन स्थिरावतो. लोहाराचे त्याने काही बिघडत नाही. पदार्थाची आघात सोसण्याची क्षमता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मात्र हे लहान ठोके सगळा हिशेब चुकवतात. उसळल्यानंतर होणाऱ्या अशा आघाताला या लेखात आपण ‘पुनराघात’ म्हणू.

चाचणीचे यंत्र दिसायला साधे असते. दोन उभ्या दांड्यांमधून वजन खाली सोडतात आणि त्याला बसवलेले आघातक खालच्या नमुन्यावर आदळते. तंतू आणि राळ यांच्या थरांपासून केलेल्या पत्र्यांसाठी ‘एएसटीएम डी ७१३६’ ही पद्धत वापरतात. त्यात वजन ५.५ किलो, आघातकाचे टोक १६ मिमी व्यासाचे अर्धगोल आणि ऊर्जा जाडीच्या दर मिलिमीटरला ६.७ ज्यूल असते. म्हणजे ४ मिमी पत्र्याला २६.८ ज्यूल. त्यासाठी वजन सुमारे ५० सेंमी उंचीवरून सोडावे लागते आणि आदळताना त्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटर असतो. दुरुस्ती करताना विमानाच्या पंखावर हातातले अवजार पडले तर काय होईल, याची ही तालीम समजा. असा मार बसला की वरून बारीकसा खळगा दिसतो, पण आत थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. चाचणीत शोधायचे असते ते हेच आतले नुकसान.

आता दोन पत्रे घेऊ. पहिल्यावरून वजन २० सेंमी उसळले, दुसऱ्यावरून ५ सेंमी. उसळीची ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे अनुक्रमे १०.८ आणि २.७ ज्यूल. घर्षण सोडले तर पहिल्या पत्र्याने १६ ज्यूल पोटात घेतले, दुसऱ्याने २४.१. वजन अडवले नाही, तर ज्या पत्र्याने जास्त ऊर्जा परत केली त्यालाच चौपट जोराचा दुसरा घाव बसेल. मग आतले सुटलेले थर मोजून दोघांची तुलना करणे अन्यायाचे ठरते. चांगल्या पत्र्याला त्याच्या चांगुलपणाचीच शिक्षा मिळते.

वजन अडवायला वेळ किती मिळतो? २० सेंमी उसळून परत यायला ०.४० सेकंद, ५ सेंमीला ०.२० आणि १ सेंमीला फक्त ०.०९ सेकंद. माणसाला नुसते दिसून हात हलवायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणून मधे हाताने फळी सरकवण्याचा जुना उपाय बेभरवशाचा आहे आणि बोटांना धोकादायकही.

यंत्राने अडवण्याची रीत अशी. नमुन्याच्या किंचित वर प्रकाश-संवेदक बसवतात आणि वजनाला एक लहान पट्टी लावतात. खाली जाताना पट्टी एकदा प्रकाश अडवते. तेव्हा वेग मोजला जातो. उसळून वर येताना ती दुसऱ्यांदा प्रकाश अडवते. त्या क्षणी झडप उघडते आणि हवेच्या दाबावर चालणारी सिलिंडरे वजनाखाली अडथळे उभे करतात. येथे एक नियम मोडून चालत नाही : आघातक नमुन्यापासून सुटेपर्यंत अडथळ्याने वजनाला स्पर्श करता कामा नये. घाई झाली तर भाराचा काही भाग अडथळाच उचलतो आणि पहिल्या घावाची नोंदही खोटी ठरते. नमुना आरपार फुटला तर उसळी येतच नाही आणि दुसरा इशाराही मिळत नाही. म्हणून तळाशी रबराचे कायमचे टेकू हवेतच.

एक सावधगिरी बाळगावी. बलाची नोंद बहुधा आघाताच्या आसपासच्या काही मिलिसेकंदांपुरतीच घेतली जाते. पुनराघात त्यानंतर कितीतरी वेळाने होतो. त्यामुळे आलेखात एकच शिखर दिसले म्हणून घाव एकच बसला असे समजू नये. कामाला सुरुवात करताना, हातचा जादा नमुना ठेवून, नोंदीचा काळ एक सेकंदापर्यंत वाढवून पाहावे. दुसरे शिखर दिसले तर आधी हवेचा दाब आणि संवेदकाची जागा तपासावी. मोठ्या आणि लहान अशा दोन्ही उसळींची परीक्षा घ्यावी, कारण मोठी उसळी जोराची असते, तर लहान उसळी वेळ कमी देते.

स्वाध्याय : ५.५ ऐवजी ८ किलोचे वजन २० सेंमी उसळले, तर पुनराघाताची ऊर्जा किती आणि अडवायला वेळ किती?

उत्तर : ऊर्जा वाढून १५.७ ज्यूल होते. वेळ मात्र तेवढाच, ०.४० सेकंद, कारण तो उंचीवर ठरतो, वजनावर नाही. म्हणजे वजन वाढवले की अडथळे जास्त मजबूत हवेत. त्यांची चपळाई पूर्वीइतकीच पुरते.