पाहणे आणि हेरणे : खेळाडूच्या नजरेचा अभ्यास

सुरत म्हटले की जर, कापड आणि हिरे आठवतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६६४ ची शिवछत्रपतींची स्वारीही आठवेल. परंतु या शहराने टेबल टेनिसमध्येही नाव मिळविले आहे. २०१५ साली राष्ट्रकुल टेबल टेनिस स्पर्धा येथे भरल्या होत्या. १९९३ मध्ये सुरतेत जन्मलेला हरमीत देसाई हा २०१८ व २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. पुढे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही तो खेळला. अशा खेळाडूला पाहून प्रेक्षक सहज उद्गारतो, "काय नजर आहे!" ही नजर म्हणजे नेमके काय, ती उपजत असते की कमावता येते, याचा येथे विचार करू.

प्रथम थोडे गणित. टेबलाची लांबी २.७४ मीटर. जलद फटक्याचा चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने आला, तर तीन मीटर अंतर तो ०.२ सेकंदात तोडतो. उलट, डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत सामान्य माणसाला ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणजे चेंडू सुटल्यावर विचार सुरू करणाऱ्याच्या हाती वेळ उरतच नाही. तरीही चांगला खेळाडू चेंडू परतवितो. कारण उघड आहे : तो चेंडू सुटण्यापूर्वीच त्याचा अंदाज बांधतो.

हा अंदाज कशावरून बांधला जातो? ब्रूस अ‍ॅबरनेथी व डेव्हिड रसेल यांनी १९८७ साली बॅडमिंटनवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. फटक्याची फिल्म मध्येच तोडून फूल कोठे पडेल, असे ते विचारीत. नवशिके केवळ रॅकेटवरून अंदाज करीत. कसलेले खेळाडू रॅकेट धरलेल्या हातावरूनही, म्हणजे आणखी आधी, सुगावा लावीत. नवलाची गोष्ट अशी, की दोघांचेही डोळे साधारण सारख्याच जागी फिरत होते. फरक डोळ्यांत नव्हता, अवधानात होता. पाहणे निराळे आणि हेरणे निराळे, ते असे.

खेळाचे नियमही याची साक्ष देतात. पूर्वी बॅटच्या दोन बाजूंना निरनिराळ्या गुणांचे पण एकाच रंगाचे रबर लावून प्रतिस्पर्ध्याला चकविले जाई. कोणत्या बाजूने फटका बसला हे कळले नाही, की फिरकी ओळखता येत नसे. १९८० च्या दशकात दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले. २००२ पासून सर्व्हिस करताना चेंडू शरीराआड लपविण्यासही बंदी आली. सुगावा हिरावला तर उत्तम खेळाडूही आंधळा होतो, हेच यातून दिसते.

आता मेंदूकडे वळू. डोक्यावर विद्युदग्रे लावून मेंदूतील सूक्ष्म विद्युत्‌लहरी नोंदविता येतात. महत्त्वाची खूण दिसल्यावर साधारण ०.३ सेकंदाने एक ठळक लहर उमटते. अवधान व निर्णय यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो. तलवारबाजांवरील प्रयोगांत असे आढळले, की "आता हात हलवू नको" अशी खूण मिळताच त्यांच्या मेंदूतील प्रतिसाद इतरांपेक्षा मोठा असतो. तयार खेळाडूचे बळ केवळ वेगात नसून वेळीच थांबण्यातही असते.

येथे एक शंका रास्त आहे. मुळातच तल्लख मुले खेळाकडे वळत असतील, तर श्रेय सरावाला कसे द्यावे? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासाने याचे उत्तर शोधले. शालेय बेसबॉल खेळाडूंची चाचणी सराव चालू असताना पुन्हा पुन्हा घेण्यात आली. दिवा लागताच बटण दाबण्याचा साधा प्रतिक्रियाकाल सरावाने सुधारला नाही. मात्र "एका खुणेला दाबा, दुसरीला दाबू नका" या निवडीच्या चाचणीतील वेळ कमी झाला. मज्जातंतूंचा मूळ वेग सरावाने फारसा बदलत नाही. बदलते ती ओळखण्याची आणि निवडण्याची शक्ती.

विद्यार्थी मित्रहो, हा प्रयोग आपणही करून पाहू शकता. मित्राने उभी धरलेली पट्टी अचानक सोडावी व आपण चिमटीत पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद लागले, ३० वर पकडली तर ०.२५. मग एक लाल व एक निळी अशा दोन पट्ट्या घेऊन फक्त लाल पकडावयाची असे ठरवा. वेळ वाढतो, तो निवडीचा. सराव करावयाचा तो याच वेळावर.

खो-खोतील पळणारा पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याकडे लक्ष ठेवतो, सुरतेचा पारखी भिंगातून हिऱ्यातील बारीक डाग टिपतो, ही एकाच जातीची विद्या होय. मात्र ती आपापल्या क्षेत्रापुरतीच असते. हिऱ्याच्या पारख्याला फिरकी ओळखता येईल असे नाही, आणि टेबल टेनिसने पाठांतर सुधारेल असेही नाही.

यातून आपल्या महाविद्यालयांनी एक बोध अवश्य घ्यावा. संघनिवडीच्या एकाच दिवशी "याची नजर मंद आहे" म्हणून खेड्यातून आलेल्या मुलाला बाजूस सारले जाते. त्याने चांगली सर्व्हिस कधी पाहिलेलीच नसते, मग ती ओळखणार कशी? त्याला एक हंगाम टेबलाजवळ उभे राहू द्यावे, सर्व्हिस पाहून फिरकी कोणती ते मोठ्याने सांगावयास लावावे, आणि मगच निवाडा करावा. डोळे निसर्ग देतो. नजर मात्र घडवावी लागते, आणि तिला घडावयास वेळ द्यावा लागतो.