सहाव्या वर्षाची दाढ

दुधाचा दात पडला की घरात केवढा गाजावाजा होतो! कोणी तो कौलांवर फेकतो, कोणी मातीत पुरतो. परंतु मुखातील सर्वांत कष्टाळू दाढ मात्र कोणासही न कळत येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, सुमारे सहाव्या वर्षी, ती हळूच डोके वर काढते. वर दोन व खाली दोन अशा या चार दाढा होत. आईबापांस त्या दुधाच्याच वाटतात, आणि किडली तर पडून दुसरी येईल, असे म्हणून ते स्वस्थ बसतात. दुसरी येत नाही.

बालमित्रांनो, आरसा घ्या आणि समोरच्या दोन दातांमधील रेषेपासून एका बाजूस मोजत जा. पहिले दोन पटाशीचे दात, तिसरा सुळा, चौथी व पाचवी दाढ दुधाची; सहावी हीच ती. वर्षही सहावे व क्रमही सहावा, म्हणून लक्षात ठेवावयास सोपी.

हिलाच कीड लवकर का लागते? तिच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात. नव्या दाढेचे कवच पुरते पक्के झालेले नसते. आणि शेजारच्या दाढांच्या उंचीस येण्यास तिला कित्येक महिने लागतात, तोवर ब्रश तिच्या वरूनच निघून जातो. कीड म्हणजे अळी नव्हे. धुरी घेतल्याने अळ्या पडतात असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य नाही. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल कवचातील क्षार विरघळविते. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून कितीदा खाल्ली, हेही पाहावे लागते.

आमच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बरोबर नेलेली पहिली-दुसरीतील मुले नेमकी याच वयाची. फडावर हाताशी ऊस, वर गोड चहा. पहाटेच कोयता हाती घेणाऱ्या मातेने मुलाच्या तोंडात पाहावे तरी केव्हा? आम्ही तिला दोष देत नाही. परंतु जी मुले गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांच्याकडे कोणी तरी रात्री पाहावे. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ती दाढ घासावी. पेस्ट फ्लोराइडयुक्त व वाटाण्याएवढीच असावी. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत हात मोठ्या माणसाचा असावा. आजीने आपली मिश्री मात्र नातवास लावू नये; ती तंबाखूच होय.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांच्या तपासणीत दंतक्षयाचाही समावेश आहे. वैद्यकीय पथक शाळेत आले म्हणजे पालकांनी ही दाढ मुद्दाम दाखवावी. खाचा निरोगी असतील तर दंतवैद्य त्यांवर पातळ लेप देऊन त्या बुजवितात. खाचेत काळा ठिपका पडून कीड नुकतीच लागली असेल, तरी पुष्कळदा थोडे कोरून भरणे पुरते. त्या वेळी दाढ बहुधा दुखत नाही, म्हणूनच कोणी जात नाही. रात्रभर ठणका लागतो तेव्हा कीड बहुधा आतील नसेपर्यंत पोहोचलेली असते.