एका म्यानात तीन तलवारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. संगणकात मात्र तीन-चारसुद्धा सुखाने नांदतात. त्यांना नांदवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव हायपरवायझर. ते खऱ्या प्रोसेसर, रॅम आणि डिस्कची वाटणी करते. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र वाटते, की अख्खे मशीन आपलेच!

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणले. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने ही सोय थेट प्रोसेसरमध्ये दिली आणि २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाले. त्यामुळे आज डब्याएवढ्या मिनी पीसीवरही हे जमते. मी महाडला घरी १६ जीबी रॅमच्या अशाच मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स हा डेबियनवर आधारलेला, मोफत मिळणारा हायपरवायझर चालवतो. कृती अशी:

१) बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, ते आधी बघा.

२) पेनड्राइव्हवरून प्रॉक्समॉक्स टाका. निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, तेव्हा आतले सामान आधीच काढून घ्या. राउटरला केबलनेच जोडा; वाय-फायवर व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क सहसा रडवते.

३) आता मॉनिटर, कीबोर्ड काढले तरी चालेल. पुढचे सगळे दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून, पोर्ट ८००६ वर.

४) रॅमचा हिशेब कागदावर मांडा. माझा असा: विंडोज ११ ला ६ जीबी, उबंटूला ३, एक्सपीला १, खुद्द प्रॉक्समॉक्ससाठी २, बाकी ४ शिल्लक. प्रोसेसरचे कोअर बेरजेपेक्षा जास्त वाटले तरी भागते, कारण सगळे एकाच वेळी राबत नाहीत. रॅम मात्र उधारीवर देऊ नका.

५) विंडोज टाकताना "डिस्कच सापडत नाही" असे आले तर घाबरू नका. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावा. एक्सपीला मात्र जुनी आयडीई डिस्कच दाखवा. जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक्सपी लागतेच, पण त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आहे, म्हणून त्याला नेटवर्क कार्ड देऊच नका.

इतके झाले की तिन्ही सिस्टिम चालतात. पण आपल्या भागात खरा प्रश्न पुढे आहे. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळियेत दरडीखाली माणसे गेली. त्या दुःखापुढे संगणकाची काय कथा? पण पाणी ओसरल्यावर माणसाला पुन्हा उभे राहायचे असते, आणि दुकानाचा हिशेब, प्रोजेक्ट, जमिनीच्या कागदांचे स्कॅन तेव्हाच लागतात. तीन संगणक एका डब्यात, म्हणजे डबा बुडाला की तिन्ही बुडाले!

इथे पुष्कळ जण स्नॅपशॉटवर विसंबतात. तो साधारणपणे त्याच डिस्कवर असतो. चुकीचा अपडेट परतवायला तो उत्तम, पुरात शून्य उपयोगाचा. बॅकअप म्हणजे अख्ख्या मशीनची एक वेगळी फाइल. ती दुसऱ्या कुठल्याही मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकून रिस्टोअर केली, की तीच विंडोज तशीच उठते. खालचे हार्डवेअर बदलल्याचा तिला फारसा पत्ता लागत नाही.

आता गणित. तीन मशीनचे बॅकअप धरा ६० जीबी. १० एमबीपीएस अपलोडने ते चढवायला ४८,००० सेकंद, म्हणजे तेरा तासांहून जास्त. तेही लाइट न जाता! तीच पोर्टेबल डिस्क पिशवीत घालून एसटीत बसलात, तर तासाभरात पोलादपूर. तंत्रज्ञान एसटीपुढे हरले म्हणा हवे तर!

माझी एक डिस्क पोलादपूरला मामाकडे असते. पण २०२१ मध्ये पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या होत्या, म्हणून महत्त्वाच्या फाइल्सची तिसरी प्रत जिल्ह्याबाहेर ठेवतो. कुठलीच एक जागा सुरक्षित नसते; तिन्ही एकदम जाणे मात्र अवघड. आणि बॅकअप रिस्टोअर करून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

कोकणात आगोटीच्या आधी घर शाकारतात, लाकूडफाटा भरतात, सुकी मासळी डब्यात जाते. त्याच यादीत मे महिन्यात आणखी एक ओळ लिहा: बॅकअप घेतला, रिस्टोअर करून पाहिला.