यादी बाजूला ठेव, कट्ट्यामागे जा

अगं, मोर्णा नदीचा पूल ओलांडून रोज एमआयडीसीतल्या डाळ मिलला जातेस आणि आता पहिलं अंतर्गत ऑडिट तुझ्या अंगावर आलंय. आयएसओ ९००१ च्या कलम ४ ते १० ची यादी घेऊन खात्याखात्यात 'हे आहे का, ते आहे का' विचारत फिरायचा तुझा बेत मला पटला नाही. कागद सगळे सापडतील, डाळीचं काहीच कळणार नाही.

कलम ९.२ नीट वाच. कलमवारच ऑडिट करा, असं त्यात कुठेच नाही. प्रक्रियेचं महत्त्व, झालेले बदल आणि मागच्या ऑडिटचे निकाल बघून आखणी करा, असं आहे. आयएसओ १९०११ च्या २०१८ च्या आवृत्तीत तर जोखीम बघून ऑडिट करणं हे तत्त्वच झालंय.

म्हणून गोदामात जा, पाठवणीला लागलेला तूरडाळीचा एक कट्टा निवड नि उलट्या वाटेनं निघ. लॉट नंबरवरून पॅकिंगची नोंद, मग सॉर्टेक्स, भरडाई, वाळवण, तेल-पाणी, थेट बाजार समितीतून आलेल्या तुरीच्या आवकेपर्यंत. वाळवणापाशी रेंगाळ. ओल राहिली तर साल सुटत नाही, फार वाळली तर तुकडा नि चुरी वाढते. मालकाचा पैसा तिथंच जातो. ओलावा मोजायचा मीटर शेवटी कधी, कशाशी ताडून पाहिला? हे विचारलंस की ७.१.५ आपोआप तपासून होतं. आकडा हद्दीबाहेर गेला तेव्हा त्या मालाचं काय केलं, यात ८.७ आलं. ऑपरेटर काकांना 'का नाही केलं' म्हणू नकोस, 'कसं करता ते दाखवा' म्हण. ते मनापासून दाखवतील.

या वाटेवर व्यवस्थापन आढावा, प्रशिक्षण अशा गोष्टी सुटतात, खरंय. त्यासाठी कलमांची यादी अखेरीस काढ नि राहिलेलं तेवढं बघ. फायलींना वर्षातून एकदा पुरे. वाळवण मात्र पावसाळ्यात आणि नवी तूर आल्यावर पुन्हा तपास.

आणि बाई, आवक तू स्वतः तपासतेस ना? मग तिथलं ऑडिट दुसऱ्या कुणाकडे दे. आपल्याच सहीवर आपणच बरोबरची खूण करायची नाही.

मालकांकडे मिल चालू असेल असाच दिवस माग. वाळवणाची वही आधी टेबलावर मागवू नकोस, जिथं ठेवलेली असते तिथंच जाऊन उघड.