ज्या नेमाला उद्यापन नाही

आषाढी एकादशी आली म्हणजे आपल्या घरोघरी चातुर्मासाचे नेम धरले जातात. कोणी कांदालसूण वर्ज्य करतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. कार्तिकात त्या नेमाचे यथासांग उद्यापन होते, दानधर्म होतो आणि सोडलेली वस्तू पुन्हा पानात येते. व्रताच्या दृष्टीने ही रीत योग्यच आहे. परंतु अलीकडे शरीराचे वाढलेले वजन उतरविण्याचा संकल्पही अनेकजण याच रीतीने करू लागले आहेत. महिनाभर भात-पोळी बंद, एक वेळ जेवण, पहाटे उठून धावणे; आणि महिना सरताच त्याचेही उद्यापन! मग सोडलेल्या वांग्याप्रमाणे गेलेले वजनही मुकाट्याने घरी परत येते.

असे का होते आणि ते टाळण्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे. वडीलधाऱ्या वाचकांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत आणि आजच्या संशोधनात जे सांगितले आहे, ते सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच आमचा हेतू आहे.

हा विषय केवळ रूपाचा नव्हे

पोट सुटणे हे सुखवस्तूपणाचे लक्षण समजण्याचा एक काळ होता. आज तसे समजणे परवडणारे नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह आहे, आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व गुडघेदुखी यांचा वाढलेल्या वजनाशी निकटचा संबंध आहे. घरातील कर्ता पुरुष चाळिशीतच औषधांच्या आधारावर आला, किंवा आजीबाईंस देवळाच्या पायऱ्या चढवेनाशा झाल्या, तर तो प्रश्न एकट्या त्या व्यक्तीचा राहत नाही, साऱ्या घराचा होतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे व आपले इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. तात्पर्य, आपल्या लोकांत काटा समाधानकारक आकडा दाखवीत असतानाही चरबी अधिक असू शकते, आणि ती बहुधा पोटाभोवती साठते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची फीतही वापरावी. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याहून अधिक भरला तर सावध व्हावे.

घाईने गेलेले वजन परत का येते

शरीर हे एखाद्या जुन्या, काटकसरी कारभाऱ्यासारखे आहे. अन्नाची आवक एकाएकी घटली की दुष्काळ पडला असे समजून तो खर्च आवरता घेतो. अतिउपवासात केवळ चरबीच जात नाही, स्नायूही झिजतात. आणि स्नायू झिजले की बसल्याजागी होणारा शरीराचा खर्च आणखी घटतो. त्याच वेळी भूक वाढविणारे द्रव्य रक्तात वाढते व तृप्ती सांगणारे द्रव्य कमी होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, अत्यल्प आहाराने वजन उतरविलेल्या माणसांमध्ये भुकेचे हे वाढलेले प्रमाण वर्षानंतरही टिकून असल्याचे आढळले. म्हणजे वजन परत येते ते केवळ मनाच्या दुबळेपणामुळे नव्हे. ज्यांचे वजन असे परत आले असेल, त्यांनी स्वतःस दोष देऊ नये, आणि घरच्यांनी त्यांची थट्टा तर मुळीच करू नये.

आपल्या पूर्वसूरींस ही गोष्ट ठाऊक होती असे दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१ व्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाही विचार केला आहे. अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव व दिवसा झोप ही स्थौल्याची कारणे तेथे सांगितली आहेत. शिवाय काहींच्या बाबतीत ते बीजातूनच, म्हणजे मातापित्यांकडून येते, हेही मान्य केले आहे. त्याच सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायातील उपदेश तर आम्हांस या विषयाचे मर्मच वाटतो. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न सोडता चतुर्थांशाने, पायरीपायरीने सोडावी. हितकर गोष्टही तशीच पायरीपायरीने अंगीकारावी. आणि अशा क्रमाने घालविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, असा त्याचा भावार्थ आहे.

पानातील जमाखर्च

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. तेलाच्या वा तुपाच्या एका लहान चमच्यात सुमारे ४० उष्मांक असतात. दिवसाकाठी तीन चमचे तेल कमी केले तर १२० उष्मांक वाचले. चार कप चहा घेणाराने प्रत्येक कपातील दोन चमच्यांऐवजी एक चमचा साखर घातली तर आणखी ७० च्या आसपास वाचले. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांकांचा साठा. त्या मानाने एवढ्याशा बदलाने कागदावर महिन्यास पाऊण किलोच्या जवळपास घट दिसते. प्रत्यक्षात ती काहीशी कमी पडते, कारण शरीर हलके होत जाते तसा त्याचा खर्चही घटतो. तरीही पोळी सुटली नाही, भात सुटला नाही, कोणाशी भांडण झाले नाही, आणि हा बदल जन्मभर चालविता येण्याजोगा आहे.

पान वाढण्याची रीत थोडी बदलावी. भाजी, कोशिंबीर व पालेभाजी मिळून अर्धे पान व्यापावे. उरलेल्या अर्ध्यात पोळी, भाकरी वा भात आणि डाळ, उसळ, ताक यांचा वाटा असावा. मटकी, मूग, हरभरा यांच्या उसळींनी पोट दीर्घकाळ भरलेले राहते, आणि वजन उतरत असताना स्नायूंचे रक्षण होण्यास त्यांतील प्रथिनांचे साहाय्य होते. आपल्या घरांत भाजी चवीपुरती व पोळ्या पोटभर अशी जी वहिवाट आहे, ती उलटी झाली पाहिजे.

दुसरी वहिवाट आग्रहाची. पंगतीत ‘अजून एक घ्याच’ म्हणणे हा आपला जिव्हाळा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु एकदा विचारणे हा आदर होय, आणि नको म्हटल्यावर वाढणे ही जबरदस्ती होय. त्याचप्रमाणे पोट भरलेल्या मुलास ‘पानात टाकू नये’ म्हणून उरलेला भात संपवावयास लावू नये. आरंभीच कमी वाढावे म्हणजे अन्नाचाही अवमान होत नाही. प्रसादाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. तळहातावरचा शिऱ्याचा एक घास घेतला तरी प्रसाद पूर्ण पावतो. द्रोण भरून घेतल्याने पुण्य वाढत नाही.

उपवास आणि फराळ

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या लोकांनीच केली आहे, तेव्हा तिचा उल्लेख करण्यास संकोच नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, आणि प्रथिन एक ग्रॅमही नसते. त्यात दाण्याचे कूट पडते, आणि शेंगदाण्याच्या वजनात निम्मे तेल असते. वर तूप, सोबत बटाट्याचा तळलेला कीस. अशा फराळाने उपवासाच्या दिवशी इतर दिवसांपेक्षा अधिकच खाल्ले जाते. उपवास करणाराने उकडलेले रताळे, राजगिरा, वरीचे तांदूळ, ताक व फळे यांचा मित आहार घेतला तर व्रतही सांभाळले जाते आणि शरीरही. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांस विचारल्यावाचून उपवास करू नये. अति खाणाऱ्यास योग साधत नाही व मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, असे भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनास सांगितले आहे, ते येथेही स्मरावे.

व्यायामाचे खरे काम

भरभर अर्धा तास चालल्याने सत्तर किलो वजनाच्या माणसाचे सुमारे १२० ते १५० उष्मांक खर्च होतात, म्हणजे जेमतेम तीन चमचे तेल. तेव्हा ‘चालून आलो, आता दोन जिलब्या चालतील’ हा हिशेब फसवा आहे. मग व्यायाम कशासाठी? तो स्नायू टिकवितो, रक्तातील साखर आवरतो, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यास मोठे साहाय्य करतो.

याचा पुरावा उपलब्ध आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांवर अमेरिकेत झालेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शरीराचे सात टक्के वजन उतरविणे आणि आठवड्यास दीडशे मिनिटे व्यायाम करणे, एवढे ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. भारतात झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात आहार व चालण्याच्या नियमाने हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि विशेष असे की त्या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते! म्हणून काट्यावर आकडा हलला नाही तरी निराश होऊन नेम मोडू नये. आत काम चालू असते.

व्यायामाची परंपरा आपल्या बडोद्यास नवी नाही. जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांनी तरुणांच्या पिढ्या घडविल्या. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद जवळच्या डभोईचे, आणि माणिकरावांचेच शिष्य. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. हा वारसा तसबिरींपुरता राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग मध्यम श्रमास पुरतो. बलाच्या अर्ध्याने व्यायाम करावा, ही आयुर्वेदाची मर्यादाही नवशिक्याने पाळावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचा अभ्यास दहा वेळा केला तरी आरंभास पुरे. घरकामात दिवस जातो म्हणून भगिनींचा व्यायाम आपोआप होतो, हा समजही पुरुषांनी सोडावा, आणि त्यांस रोज अर्धा तास मोकळा मिळेल अशी व्यवस्था करावी.

पायरीपायरीने

आरंभ कसा करावा? पहिल्या पंधरवड्यात केवळ चहातील साखर कमी करावी आणि जेवणानंतर दहा मिनिटे चालावे. तेवढे अंगवळणी पडले की दुसऱ्या पंधरवड्यात तेलाचे माप ठरवावे. महिन्यास घरात किती तेल येते आणि खाणारी माणसे किती, हे एकदा लिहून पाहावे. तिसऱ्यात पानातील भाजी वाढवावी व चालणे वीस मिनिटांवर न्यावे. चौथ्यात रात्रीचे जेवण लवकर करावे आणि चार सूर्यनमस्कारांनी आरंभ करावा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी वजन करावे. रोज काट्यावर चढू नये. आठवड्यास पाव ते अर्धा किलो घट पुष्कळ झाली. ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो वजन जरी स्थिर उतरले, तरी रक्तदाब व साखर यांवर इष्ट परिणाम दिसू लागतो. गणपतीत मोदक खावा, दिवाळीत करंजी खावी, आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे नेमावर यावे. एका दिवसाने नेम मोडत नाही. ‘आता मोडलाच आहे’ असे म्हणण्याने मोडतो.

हा नेम एकट्याने धरण्यापेक्षा घराने धरावा. स्वयंपाक एक, तेलाचे माप एक, संध्याकाळचे चालणे एकत्र, असे झाले म्हणजे कोणासही आपण पथ्यावर आहोत असे वाटणार नाही. स्नानसंध्येचे वा सांजवातीचे जसे आपण उद्यापन करीत नाही, तसेच या नेमाचेही करू नये. श्रींच्या कृपेने आपल्या संस्थेच्या सर्व कुटुंबांस, विशेषतः वडील मंडळींस, आपल्या पायांनी पायऱ्या चढून दर्शनास येण्याचे बल दीर्घकाळ लाभो, हीच प्रार्थना.